कॉईलमामांची खरी तक्रार

कॉईलमामा गीझरला कान लावायचे. आणि कान लावण्याआधी सगळं घर शांत करून घ्यायचे. पंखे बंद, टीव्ही बंद, शिट्टीच्या बेतात आलेला कुकरसुद्धा गॅसवरून खाली. एकदा बाबांना नेमकी तेव्हाच शिंक आली. मामांनी कान न हलवता नुसतं बोट वर केलं, आणि ऑफिसात साहेबाचंही न ऐकणाऱ्या आमच्या बाबांनी नाक दाबून ती शिंक गिळली. मिनिटभराने निदान यायचं, "आत दगुड वाजतोय. कॉईल दमलीय बिचारी." मग पिशवीतले पाने निघायचे आणि पुढचा तासभर आमची बाथरूम मामांच्या मालकीची व्हायची.

जुळे सोलापूर भागातल्या सोळा फ्लॅटच्या बिल्डिंगला असा माणूस का लागतो, हे सोलापूरकराला समजावायला नको. नळाला पाणी येईल तो दिवस सणाचा, बाकीचे सगळे दिवस बोअरचे. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, डाळ शिजत नसे, शॉवरची भोकं वर्षभरात बुजत आणि आंघोळ दोनच धारांखाली उरकावी लागे. मामांनी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात जन्म घालवला होता. क्षार म्हणजे त्यांचा खानदानी वैरी. निवृत्त झाले, मामी वारल्या, आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या एका खोलीत एकटे राहून ते आमच्या मशिनींचे डॉक्टर झाले. नाव बिल्डिंगने ठेवलं. खरं नाव चेअरमनसाहेबांना ठाऊक असावं, पण त्यांनीही ते कधी वापरलं नाही.

निदानापेक्षा त्यांचे उपदेश भारी. गीझरचा काटा शेवटपर्यंत फिरवलेला दिसला की मामांचं डोकं फिरे. "आंगोळीला पाणी पायजे का कोंबडी सोलायला?" असं त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या नवरीला पहिल्याच भेटीत विचारलं. ती बिचारी शाकाहारी. पण पाणी जितकं कडक तापवाल तितका थर लवकर धरतो, हे तिच्या असं डोक्यात बसलं की आता ती माहेरी गेली तरी आधी गीझरचा काटा बघते.

गीझर उघडला की आतला पांढरा चुरा मामा ताटात काढायचे आणि ते ताट घरभर फिरवायचे. हळदीकुंकवाच्या तबकासारखं प्रत्येकापुढे धरायचे. बघितल्याशिवाय सुटका नसे. "हे बघा वैनी. तुमी पाणी न्हाय, फरशी तापवत हुता." आई ओशाळून पदराला हात पुसायची, जणू तो चुरा तिनेच रात्री उठून आत भरला होता. मग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात कॉईल बुडे, फसफसे, आणि मामा तिच्याकडे बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या कौतुकाने बघत बसत. तेवढ्यात चहा, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि साऱ्या गल्लीच्या बातम्या होऊन जात.

एक मात्र होतं. तक्रार असल्याशिवाय मामा कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. दिवाळीच्या फराळाला बोलावलं तर फोनवर विचारायचे, "तक्रार काय हाय?" काही नाही, असंच या, म्हटलं की, "मग कशाला लोकांच्या घरात घुसायचं?" आईने लाडू घेऊन मला खोलीवर पाठवलं, तर लाडू घेतले आणि डबा घासून परत केला.

मग बिल्डिंगमध्ये पाणी मऊ करणारा प्लांट बसवायची टूम निघाली. मीटिंगमध्ये दोन तट पडले, तेव्हा चेअरमन म्हणाले, जाणकाराला विचारू. मामांना खास बोलावलं. पण प्लांट बसला की मामांना आमच्याकडे यायला तक्रारच उरणार नव्हती. जिन्यात गाठून मी हळूच म्हटलं, "मामा, नको म्हणा." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, मीटिंगमध्ये जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बसवा. डोळे झाकून बसवा. मशिनी वाचत्यात, बायकांची केसं वाचत्यात." कुणीतरी विचारलं, "आणि मामा, तुमचं काय?" तर म्हणाले, "मी काय मशीन हाय व्हय?" सगळे हसले. मला त्यांचा इतका राग आला की मी मत द्यायला हातसुद्धा वर केला नाही.

प्लांट बसला. फेसाने बादल्या उतू चालल्या, डाळ दोन शिट्ट्यांत शिजू लागली, आणि मामा यायचे बंद झाले. दोन महिने सगळ्यांनी मऊ केसांचं कौतुक केलं. तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी, एकमेकांना न सांगता, तीन घरांनी मामांना फोन केला. आमच्या आईने गीझरची वायर सैल करून ठेवली होती. नवरीने इस्त्री बिघडल्याचं सांगितलं, बटण न लावताच. पण कळस केला तो चेअरमनसाहेबांनी. त्यांनी वॉशिंग मशीनच्या पाइपातल्या जाळीत चिमूट चिमूट रांगोळी भरली, क्षार म्हणून. मामांनी जाळी काढली, चिमूट बोटांत चोळली आणि म्हणाले, "सायेब, ही रांगोळी हाय."

आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. वायर घट्ट केली, पण कान लावला नाही. आईने चहा पुढे केला, तर तो तसाच राहिला. "वैनी, माझी कीव करू नका. खोट्या तक्रारीला मी पुन्ना येणार न्हाय," एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांनी खोली सोडून ते टेंभुर्णीला लेकीकडे राहायला गेले.

आई आठवडाभर गप्प होती. आमची आई गप्प असणं हे प्रेशर कुकर गप्प असण्याइतकंच धोक्याचं. एके दिवशी ती शेजारच्या बंगल्यातून कॅन घेऊन येताना दिसली. त्यांच्याकडे अजून निव्वळ बोअर. "झाडांना," ती म्हणाली. आमच्याकडे झाड म्हणजे एक तुळस. मग ध्यानात आलं, की ती ते पाणी विजेच्या किटलीत रोज उकळते, ओतून देते, पुन्हा उकळते. विरजण लावावं तशी बाई क्षार लावत होती. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "खोटी तक्रार चालत नाही ना त्यांना? मग खरी करते." दुखऱ्या गुडघ्यांनी पाच महिने तिने कॅन वाहिले. शेवटी बुडाला असा थर धरला की किटली पाणी उकळायच्या आधीच बंद पडू लागली. त्या दिवशी आईला झालेला आनंद मी दहावी पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

"मामा, खरी तक्रार आहे," तिने फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामा एसटीने हजर. नखाने थर खरवडला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग एकदम थांबले. "वैनी, तुमच्या हितं तर मऊ पाणी हाय. ही किटली कुटं नांदत हुती?"

आईने सगळं सांगून टाकलं. बंगला, कॅन, पाच महिने. "तुम्ही खोट्या तक्रारीला येत नाही म्हणून," ती म्हणाली.

मामांनी किटली पुढ्यात ओढली. लिंबूसत्त्व टाकून किटली तीनदा उकळली, तीनदा धुतली. एका किटलीला त्यांनी दीड तास लावला. चहा मात्र प्याले, दोन कप. निघताना म्हणाले, "आता पाणी वाहू नका. गुडघं जातील तुमचं."

मामा गेल्यावर आई लखलखीत किटलीकडे बघत बसली. "आता कुठलं निमित्त काढू ग?" असं तिने मला विचारलं.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मामा. इस्त्रीचा शर्ट, आणि हात रिकामे. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते कधी पाठीमागे घेत होते, कधी खिशात घालत होते. आई घाबरली.

"मामा, आम्ही तर फोन नव्हता केला. काय झालं?"

"काय न्हाय वैनी," मामा चपला काढत म्हणाले, "सहज आलो."