टाकीच्या तोंडाचं माप

त्याला सगळे मासा म्हणत. इमारतींच्या छतावरच्या पाण्याच्या टाक्या आत उतरून घासायच्या, हे त्याचं काम. टाकीचं तोंड कितीही अरुंद असो, दोन्ही हात वर करून हा सुळकन आत जाई. आत घोट्यापर्यंत गाळ आणि वर ताटलीएवढं आभाळ. तेवीस वर्षं त्याने हेच केलं. गाळाच्या बादल्या वर ओढायला जोडीदार होता, लंबू. लंबूला आत शिरता येत नसे, त्याचे खांदेच अडकत. "तुला बुडी मारायला जन्माला घातलंय आणि मला वरून बडबड करायला," असं तो म्हणे.

एका सकाळी टाकीतल्या बुळबुळीत तळावरून शिडी निसटली. मासा पाठीवर आपटला आणि मणक्याला चीर गेली. साडेतीन महिने अंथरुणावर गेले. उठला तेव्हा कमरेला रुंद पट्टा होता आणि पट्ट्यावरून ओघळणारं पोट. लंबू भेटायला आला तो दारातच थबकला.

"वहिनी, मासा कुठाय? इथं तर देवमासा बसलाय!"

बायको हसली, मासाही हसला. पण लंबू गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसरं कुठलंही काम त्याला येत नव्हतं. तशी कधी गरजही पडली नव्हती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या, काका म्हणत. त्यांचं सांगणं साधं होतं. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं चालायचं, पाठीवर झोपून गुडघे एकेक करून जवळ घ्यायचे, वेळेवर जेवायचं, पण दोन घास कमी. वजन सावकाश उतरेल, पाठीवरचा भार हलका होईल. वजनाचा काटा त्या बरोबर आणत, पण मासा त्यावर पाय ठेवायला तयार नसे.

"टाकीला किलो कळत नाहीत हो. तिला घेर कळतो."

त्याने लंबूला एका टाकीवर पाठवलं. तिच्या तोंडाच्या आतल्या कडेने लंबूने सुतळी फिरवली आणि बरोबर तेवढी कापून आणली. माशाने त्या मापाचं कडं केलं. पाण्याच्या जुन्या काळ्या पाइपची दोन टोकं एकमेकांवर चढवून तारेने आवळली. रोज सकाळी दात घासले की हात वर करायचे आणि बायकोने डोक्यावरून कडं खाली सोडायचं. ते खांद्यांवरून उतरे, छातीवरून उतरे आणि पोटावर बसे. पहिल्या दिवशी बसलं तिथंच बाराव्या दिवशीही बसलं.

तेराव्या दिवसापासून त्याने जेवणच टाकलं. सकाळी कोरा चहा, दुपारी एक काकडी. बायको ताट वाढी आणि तसंच उचली.

"अहो, पाखरंसुद्धा याहून जास्त खातात."

"पाखरं उडतात. मी पडून असतो."

चालण्याची दहा मिनिटं त्याने तीस केली. पाठ ठणके, पोट पाठीला लागल्यासारखं वाटे, पण कडं काही उतरेना. एका दुपारी जिन्यात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकोने त्याला सहाव्या पायरीवर कठड्याला धरून बसलेला पाहिला. ओठ पांढरे पडले होते. त्याच संध्याकाळी बाई आल्या तेव्हा चिडल्याच.

"काका, उपाशी राहून पोट जाण्याआधी ताकद जाते. पाठ धरून ठेवायची कुणी मग? मी?"

"बाई, तुम्ही मला टाकीत उतरण्याजोगा करा, नाहीतर इथंच पडू द्या. मधलं काही नको," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडं दोन बोटं खाली आलं.

त्याने ते तीनदा काढून घालून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. त्या दिवशी तो ताटावर बसला आणि भात, डाळ सगळं नीट चावून जेवला. चालणं पुन्हा दहा मिनिटांवर आणलं, व्यायाम हू की चू न करता केले. पुढच्या पंधरवड्यात कडं पोटावरून घसरलं, कमरेवरून घसरलं आणि टपकन पायाशी पडलं. मासा त्या कड्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला. बायको मात्र ओट्याकडे वळून उगाच भांडी हलवत राहिली.

बाईंनी अजून सहा आठवडे टाकीत उतरायचं नाही म्हणून बजावलं होतं. घरी त्याने सांगितलं, लंबूकडे जाऊन येतो.

छतावर ऊन होतं. मोजलेली तीच टाकी. लंबू कुरकुरला, पण मासा म्हणाला, "कडं पायापर्यंत जातं रे. नुसता उतरून वर येतो." पट्टा काढून त्याने बाजूला ठेवला. पाय गेले, मांड्या गेल्या, कंबर घासत गेली आणि पोट अडकलं. खाली शिडीची पायरी पायाला लागेना. सगळा भार पाठीवर आला आणि मणक्यातून कळ डोक्यापर्यंत गेली.

"श्वास सोड, मासा! सोड सगळा!"

लंबूने काखेत हात घालून त्याला इंचाइंचाने उपसला. पोटाची कातडी सोलून निघाली. दोघेही तापलेल्या छतावर आडवे पडून धापा टाकत होते.

"तुझ्या त्या कड्यातून हत्ती जाईल रे," लंबू म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. "माझी सुतळी आहे का घरी?"

सुतळी खणात होती. माशाने घरी येऊन ती कड्याभोवती धरली. चार बोटं कमी पडली. मग त्याला तार दिसली. वळसे नवे होते आणि पाइपवर जुन्या वळशांचे व्रण तसेच राहिले होते.

बायको दारात उभी होती. त्याच्या शर्टावरचं रक्त पाहून तिने तोंडावर हात नेला.

"दोनदाच केलं," ती म्हणाली. "दोन-दोन बोटं. तुम्हाला जिन्यात अंधारी आली त्या रात्री, आणि नंतर एकदा. मला वाटलं, बाईंनी सांगितलेले सहा आठवडे जाईपर्यंत पोट खरंच उतरेल. तुम्ही जेवत नव्हतात हो!"

"मी लटकत होतो तिथं. पाय टेकत नव्हते."

त्याच्याकडे रागावण्याइतकी ताकद नव्हती. तो हळूच, कूस वळवून, बाईंनी शिकवलं तसा पलंगावर आडवा झाला. लंबूने निघताना सांगितलं होतं, की सोमवारच्या टाकीसाठी एक बारीकसा माणूस मिळालाय. तात्पुरता. तो शब्द म्हणताना लंबूने खाली पाहिलं होतं.

मग तो तिला म्हणाला, "पक्कड आण."

तिने आणली. त्याला बसवेना, म्हणून त्याने पडल्यापडल्या सुतळी धरली आणि तिने वळसे सोडून, टोकं जुन्या व्रणांवर सरकवून तार आवळली.

"अजून घट्ट," तो म्हणाला. "आणि परत हात लावू नकोस."

"नाही लावणार. पण तुम्ही जेवाल?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. भिंतीतल्या पाइपातून पाणी उतरत गेलं, ते त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"वाढ," तो म्हणाला. "दोन घास कमी."