चुकीची हाताळणी

वर्ध्याच्या एका दुकानाकडून मी लेझर प्रिंटर दुरुस्त करायला जिल्हाभर फिरतो. त्या मे महिन्यात अल्लीपूरच्या पुढच्या एका गावातल्या ज्युनिअर कॉलेजमधून फोन आला की प्रिंटर कागद अडकवतो आणि छापलेली अक्षरं बोटाने पुसली जातात. बारावीचा निकाल लागला होता, टीसीसाठी पोरांची रांग होती.

मी सकाळी नऊलाच पोचलो. प्रिंटर बारा-तेरा वर्षांचा, पांढऱ्याचा पिवळा झालेला. ऑफिसात एकच क्लार्क, साठीला टेकलेल्या मॅडम. वीस कागद काढून पाहिले. एकही अडकला नाही, अक्षरं पक्की.

"भाऊ, सकाळी बरा चालते तो," मॅडम म्हणाल्या. "दुपारी बिगडते. तुमी दुपारी येऊन पाहा."

मला अकरा वाजता हिंगणघाटला पोचायचं होतं. मशीन सकाळ-दुपार ओळखत नाही, असं काहीतरी मी हसत बोललो. मग सर्व्हिस शीट भरली. बिघाड सापडला नाही की आम्ही लोक एक ठरलेलं वाक्य लिहितो, मीही लिहिलं: 'चुकीच्या हाताळणीमुळे'. प्राचार्यांची सही घेतली, एक कॉपी त्यांना दिली आणि गाडीला किक मारली.

आठवड्याने पुन्हा फोन. या वेळी दुपारी चारला गेलो. ट्रेमध्ये अडकलेला, पंख्यासारख्या घड्या पडलेला कागद मी स्वतः ओढून काढला. त्यावर अंगठा फिरवला तर विद्यार्थ्याचं नाव काळ्या भुकटीसारखं बोटाला लागलं. म्हणजे फ्यूजर, टोनरची भुकटी तापवून कागदावर चिकटवणारा भाग. मशीन जुनं, तो गेला असणारच. नवा माझ्याजवळ होता. तो बसवला, कागद ओढणारा रबरी रोलरही बदलला आणि बॅगेतले माझे कागद घालून चाचणी घेतली. सगळं चोख. या वेळी खरंच समाधान वाटलं.

तिसऱ्या दिवशी फोनवर प्राचार्य ओरडत होते. एका मुलीची टीसी वर्ध्याच्या कॉलेजने परत केली होती. नावातली दोन अक्षरं उडालेली. ती बिचारी भर उन्हात एसटीने परत आली होती.

मी पोचलो तेव्हा मॅडम ऑफिसात एकट्याच होत्या. त्यांच्या टेबलावर टाचणीने जोडलेले दोन कागद होते. वरचा मेमो: निष्काळजीपणाबद्दल खुलासा द्यावा. खालचा माझ्याच अक्षरातला होता. पहिल्या दिवशीची शीट.

"हे... हे माझ्या शीटवरून दिलं?" मी विचारलं.

"मंग काय. मेकॅनिकनंच लिहून देल्लं म्हणे सर. चौतीस वर्षांत मले एक मेमो नव्हता भाऊ." त्या खुलासा लिहीत होत्या, पेन थांबत होतं, पुन्हा चालत होतं. "तुमी असं काऊन लिहिलं?"

मी प्रिंटर उघडला, बंद केला, परत उघडला. फ्यूजर तापत होता. रोलर नवा होता. हात चालत होते, पण डोकं त्या मेमोवरच. सगळं बरोबर असताना बिघडतं कसं? घाम पुसायला खिशात हात घातला तर रुमालाऐवजी उन्हाची लू लागू नये म्हणून बायकोने दिलेला कांदा हातात आला.

"मॅडम, मी आज जात नाही," मी म्हणालो. "सकाळपासून काय काय करता, ते सांगा."

त्यांनी संशयाने पाहिलं, पण सांगितलं. आल्यावर कपाटातून कागदाचं नवं पाकीट काढायचं, फोडून अर्धं ट्रेमध्ये, अर्धं बाजूच्या स्टुलावर. साडेनऊपासून टीसी. अकराला उकडायला लागलं की शिपाई कूलर लावतो.

कूलर खिडकीत होता. स्टूल आणि प्रिंटर त्याच्या थेट वाऱ्यात. मी स्टुलावरचा गठ्ठा उचलला. कागद मऊ लागला, हलवला तर खडखडला नाही. बॅगेतला माझा कागद शेजारी धरला, तो ताठ होता.

मी तीन तास पाहत बसलो. कपाटातल्या कोरड्या कागदावर पन्नास प्रती पक्क्या निघाल्या. स्टुलावरचा कागद सातव्याच प्रतीला घडी पडून अडकला आणि अक्षरं पुसली जाऊ लागली. कागदात ओल शिरली होती. तो नीट तापतच नव्हता, मग भुकटी धरणार कशी? पहिल्यांदा मी कूलर लागायच्या आधी आलो होतो. दुसऱ्यांदा चाचणी माझ्याच कोरड्या कागदावर घेतली. नवा फ्यूजर उगीच बसवला होता.

प्रिंटर आम्ही दोघांनी उचलून आतल्या भिंतीशी नेला, कागद कपाटात. मग मी नवी शीट लिहिली. माझी पहिली तपासणी चूक होती, कूलरच्या ओलीमुळे कागद दमट झाला, क्लार्कच्या हाताळणीत दोष नाही. दुकानात मला हे सगळं दाखवावं लागणार होतं.

प्राचार्यांनी शीट वाचली. "आता कशाले हे? मॅडम पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राह्यल्या. प्रिंटर चालला ना, झालं."

"सर, पहिली शीट मेमोले लावली तुमी. ही बी लावा."

"ठेवून जा."

"आवकचा शिक्का मारून द्या सर. त्याशिवाय मी जात नाई."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेवटी मॅडमना हाक मारली. आवक रजिस्टर त्यांच्याकडेच असायचं. त्यांनी चष्मा लावला, शीट दोनदा वाचली, शिक्का उमटवला, रजिस्टरमध्ये नोंद केली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तवाच आयकलं असतं त..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी बॅग भरत होतो तर त्यांनी विचारलं, "याची एक कॉपी मले भेटन का? घरी ठेवाले."

माझ्याजवळ उरलेली कॉपी दुकानाची होती. ती पॅडमधून फाडून त्यांना दिली. मेमो मागे घेतला की नाही, मला कधी कळलं नाही. संध्याकाळी वर्ध्याला मालकाने विचारलं, "शीटची कॉपी कुठाय?" म्हटलं, ज्यांची होती त्यांना दिली. मग काय काय झालं ते सगळं सांगितलं, आणि मालकाच्या शिव्या उभ्या-उभ्या ऐकून घेतल्या.