लुडाचा ग्लव्ह आणि मर्लचा हात

माझा भाऊ लुडा माझ्याशी बोलायचा बंद झाला, त्याचं कारण एवढंच की मी त्याला म्हटलं, तुझा ग्लव्ह आता भिंतीवर टांग.

आमच्या गावात असं बोलणं म्हणजे भर चर्चमध्ये उभं राहून शिवी देणं. बेसबॉलमधल्या कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचा, तो जुना ग्लव्ह लुडाने तरुणपणी वापरला, मग त्याच्या मुलाने, फ्रँकने, आणि त्यानंतर गावाचा जो कोणी कॅचर होईल त्याने. दरवर्षी बर्फ वितळला की लुडा तो डुकराच्या चरबीने चोळतो. चोळून चोळून त्याच्या मध्यभागी असा खोल खड्डा झालाय की एकदा आत गेलेला चेंडू बाहेर पडायची हिंमत करत नाही. लुडाला त्या खड्ड्याचाच अभिमान. आता तो ग्लव्ह फ्रँकच्या पोराच्या, मर्लच्या हातात होता.

मर्ल व्होंड्रा सोळा वर्षांचा. अंगाने दणकट, चेहरा गोल, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. जेवताना मीठ हवं असेल तर मिठाकडे बघत बसेल, पण मागणार नाही. वर्गात मी त्याला भूमिती शिकवली आहे. उत्तर येत असूनही हात वर करायचा नाही, मला चीड यायची. पण हाच पोरगा तोंडावर कॅचरचा मास्क चढवून बसला की जीभ सुटल्यासारखा बोलायचा. चेंडू टाकणाऱ्या पिचरला धीर दे, तिसऱ्या बेसवरच्याला मागे सरकव, समोरच्या बॅटरची चौकशी कर, "काय रे, तुमची गाय व्याली का?" पंच वैतागून म्हणायचा, "व्होंड्रा, जरा श्वास घे." मास्क काढला की पुन्हा दगड. तेव्हा कॅचरची ती जागा गेली असती तर नुसती जागा गेली नसती, हे समजायला भूमिती लागत नाही.

आणि ती जाणार होती. मर्ल सगळं अडवायचा. जमिनीवर आपटलेले चेंडूसुद्धा छातीवर घ्यायचा, आई रोज त्याच्या निळ्या डागांवर ओरडायची. पण फेकायची वेळ आली की बोंब. पिचरच्या हातून चेंडू सुटायच्या बेताला पहिल्या बेसवरचा, म्हणजे पहिल्या थांब्यावरचा, रनर दुसऱ्या बेसकडे पळत सुटतो. कॅचरने चेंडू झेलून, पिचरच्या डोक्यावरून, तो पोचायच्या आत दुसऱ्या बेसवरच्या आपल्या खेळाडूकडे पोचवायचा, नाहीतर रनरने बेस चोरला. मर्लचा चेंडू जायचा सरळ, पण तोवर रनर उठून पँट झटकत असायचा. बाकांवरून माझा शेजारी बार्टोश ओरडायचा, "मर्ल, पोस्टाने पाठव, लवकर पोचेल!"

शेवटी कोच हॉर्टनने सांगून टाकलं, "जिल्ह्याच्या मॅचमध्ये हेच झालं तर मास्क बाकावरच्या गॅरीला. तू उजव्या कोपऱ्यात." मैदानाचा उजवा कोपरा म्हणजे कुंपणापलीकडचा मका वाढताना बघत उभं राहायचं.

मग प्रत्येकाला उपाय सुचला. फ्रँक म्हणाला, हातात जोर नाही. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर गवताचे भारे उचलणं हेच औषध. पोराने सबंध जून भारे फेकले. खांदा आखडला, चेंडूचा जोर वाढला, आणि पोचायचा तो आधीइतकाच उशिरा. कोचने पाय शिकवले, ते मात्र कामाचं होतं. बुटका राहा, उजवं पाऊल चटकन पुढे, डावं थेट बेसच्या दिशेने, आणि सगळं अंग त्या पायांवरून पुढे सोड.

सरावाला मर्ल माझ्या अंगणात यायचा, कारण माझ्या गॅरेजचं दार मोठं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही. मी खडूने दारावर गुडघ्याच्या उंचीवर चौकोन काढून दिला आणि खुर्ची टाकून बसले.

"उभा काय राहतोस? फोटो काढतंय का कोणी तुझा?"

"नाही, तेता." आमच्याकडे आत्याला तेता म्हणतात, बापाची आत्या असली तरी तेताच.

"मग वाकलेलाच राहा. आणि हात मागे एवढा गरगरा कशाला फिरवतोस? विहिरीतून पाणी काढायचंय? कानापाशी आण आणि सोड."

पाय सुधारले. हात आखूड झाला. तरी उशीर. एका संध्याकाळी मी पाय, खांदा सगळं सोडून फक्त त्याच्या बोटांकडे बघितलं. चेंडू त्या खड्ड्यात जायचा, आणि मर्लचा उजवा हात आत शिरून त्याला शोधत बसायचा, पर्समध्ये किल्ली शोधणाऱ्या बाईसारखा. सापडला की शिवण बोटांखाली यायला पुन्हा चाचपायचा. तेवढ्यात रनरचं काम झालेलं.

रविवारी जेवायला बसलो असताना, डुकराचं मांस आणि कणकेचे गोळे ताटात असताना, मी हे लुडाला सांगितलं, आणि ग्लव्ह भिंतीवर टांग असंही म्हटलं. मी गोष्टी गुंडाळून सांगत नाही. लुडाने काटा खाली ठेवला.

"या ग्लव्हमधून एक चेंडू सुटला नाही कधी."

"तेच म्हणतेय. सुटायला नको का?"

"अग्नेस, तू भूमिती शिकव."

तो उठून अंगणात गेला तो गेलाच. पुढे चर्चमध्येही एक बाक सोडून बसायला लागला.

मर्लला म्हटलं, कोचकडे पसरट, नवा ग्लव्ह आहे तो घे. त्याने मान हलवली. "देदाला वाईट वाटेल." देदा म्हणजे आजोबा.

मग मी घरातली पाव कापायची फळी आणली, मागच्या बाजूने जुन्या पट्ट्याचे दोन तुकडे ठोकले आणि त्याच्या डाव्या हाताला बांधली. "यावर चेंडू थांबत नाही. दुसरा हात तिथेच हवा. नसेल तर चेंडू पायावर पडेल."

पडला. चांगला आठवडाभर पडत राहिला. पोरगा लंगडत घरी जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग हळूहळू फळीवरचा टक् आणि दारावरचा धडाम् यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. शेजारच्या बार्टोशच्या बायकोने कुंपणावरून विचारलं, "अग्नेस, दार पाडून नवं बसवायचंय का?" दाराला पोचे आले. मला आनंद झाला, तो मी दाखवला नाही.

पण हातात पुन्हा जुना ग्लव्ह चढला की पुन्हा किल्ली शोधणं. मर्ललाही ते कळत होतं.

"मग मॅचला तरी कोचचा घाल!" मी ओरडले.

"तेता, देदा हात पुढे करतो ना प्रत्येक वेळी."

खरं होतं. आपली बॅटिंग आली की कॅचरने ग्लव्ह लुडाकडे द्यायचा, लुडाने तो मांडीवर घेऊन मुठीने मळत बसायचं, आणि पुन्हा मैदानात जाताना कॅचरने तो घेऊन जायचा. गावातला एकही कॅचर हे चुकला नव्हता.

जिल्ह्याची मॅच आमच्याच मैदानावर झाली. समोरचे पळणारे होते आणि त्यांना आमची बातमी लागली होती. सुरुवातीलाच एकाने बेस चोरला, थोड्या वेळाने दुसऱ्याने, आणि तो पुढे शेवटच्या बेसपर्यंत पोचून रन घेऊन गेला. बार्टोशसुद्धा ओरडला नाही. कोचने गॅरीला सांगितलं, "पॅड बांधून ठेव. अजून एक गेला की तू."

आमची बॅटिंग आली. मर्लने कुंपणावरून ग्लव्ह आजोबाकडे दिला आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. मास्क काढलेला, नजर बुटांवर. लुडा माझ्यापासून एक जागा सोडून होता, अर्थातच. त्याने मूठ खड्ड्यात घातली, पण मळेना. नुसता मर्लकडे बघत राहिला. मग खिशातून सफरचंद सोलायचा चाकू काढला, ग्लव्हच्या अंगठ्याजवळची चामड्याची वादी ताणून धरली आणि कापली. अर्धा ग्लव्ह लोंबकळला.

मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

"मर्ल!" त्याने हाक मारली. "वादी तुटली. कोचचा घे."

मर्ल आला. त्याने वादी बघितली. तुटलेल्या चामड्याला केसाळ टोक येतं, हे तर लोण्यासारखं कापलेलं होतं. पोरगा मुका आहे, आंधळा नाही.

"देदा..."

"जा ना, पंच थांबलाय."

आम्ही पुन्हा मैदानात उतरलो आणि थोड्याच वेळात त्यांचा सगळ्यात चपळ पोरगा पहिल्या बेसवर होता. मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की तो पळणार, आणि तो पळाला. चेंडू मर्लच्या ग्लव्हला लागला एवढंच मला ऐकू आलं, पण त्यात तो दिसलाच नाही. पिचरने डोकं खाली घातलं. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, बेसच्या कडेला, तिथल्या आमच्या पोराच्या हातात, आणि रनर घसरत येऊन स्वतःच त्या हातावर आदळला. पंचाची मूठ वर गेली, आउट. बाकं हादरली. आणि त्या गोंधळातून मला मास्कमागचा आवाज ऐकू आला, पुढच्या बॅटरला विचारत होता, "तुमच्याकडे पाऊस कसा आहे यंदा?"

कोचने गॅरीला पॅड सोडायला सांगितलं. मॅच शेवटी आम्ही हरलो, ती आमच्या बॅटिंगमुळे, त्याबद्दल बोलायला लागले तर दिवस पुरणार नाही.

लुडाने टाळी वाजवली नव्हती. लोंबकळता ग्लव्ह त्याने कोटाच्या आत घातला होता. लोक उठायला लागले तेव्हा तो माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर सरकला.

"पाय चांगले पडले पोराचे," तो म्हणाला.

"पाय?"

"मग? हात काय, सगळ्यांनाच असतो." त्याने कोटाची बटणं लावली. "आणि ती फळी काढ त्याच्या हातावरची. पाव कापायची फळी बांधतं का कोणी पोराला? बोटं मोडतील. माझ्याकडे अक्रोडाचं लाकूड पडलंय, त्याची नीट घडवून देतो."

म्हणजे माझ्या गॅरेजसमोरून हा गृहस्थ रोज संध्याकाळी जात होता.

"पट्टेही नवे लाव," मी म्हटलं. "माझे तुटायला आलेत."

"तुटायला," लुडा म्हणाला, आणि कोटावरून ग्लव्ह चाचपला. "वादी आहे माझ्याकडे भरपूर."