मिस रंजना पुन्हा नाचवतात

रंजनाबाई कुठेही नुसत्या आत येत नसत. किराणा दुकान असो की कोणाचं बारसं, उंबऱ्यापाशी थांबायच्या. आतून कोणी "या, या रंजनाबाई" म्हटलं की मगच पाऊल टाकायच्या. एकदा पांढरकवड्यात दाताच्या दवाखान्यात कोणाचं लक्षच गेलं नाही. बाई पाऊण तास दारात उभ्या राहिल्या आणि दुखता दात तसाच घेऊन परत आल्या.

आमच्या केळापूर तालुक्यात त्यांना 'मिस रंजना' म्हणत. तीन नातवंडं झाली तरी 'मिस'च. ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर तसं छापायची पद्धत होती आणि त्यांच्या यजमानांची काही हरकत नव्हती; ते गरम पाण्याचा थर्मास घेऊन मंचामागे उभे असत. मी दिवसा हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि कार्यक्रम असला की बाईंच्या मागे कीबोर्ड वाजवायचो. महागावपर्यंतचे गणपती, नवरात्रातल्या शारदा, लग्नं, सगळं आम्ही केलं. बाईंची कपाशीच्या फुलावरची 'पऱ्हाटीच्या फुला' ही एकच कॅसेट गाजली, पण पानठेल्यापासून कापसाच्या जिनिंगच्या गेटपर्यंत गाजली. तेव्हापासून बाईंनी स्वतःला जगातल्या मोठ्या गायिकांमध्ये धरलं. जगाला कळवायचं तेवढं राहून गेलं.

"गानं पायात उतरलं पाह्यजे, सर," असं त्या नेहमी म्हणायच्या. "कानातच राह्यलं त त्याचं भाषन होते."

पुढे डीजे आले आणि ऑर्केस्ट्रे बसले. बाईंनी भर मंचावरून निवृत्ती जाहीर केली. ती ऐकायला मंडपवाला, यजमान आणि मी असे तिघं हजर होतो. नंतरची सतरा वर्षं त्यांनी ब्लाउज शिवले. यजमान गेले. केस पिकले असावेत, पण ते पाहण्याचा मान कोणाला मिळाला नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या आळीतून एक वरात चालली होती. प्रमोद डीजेच्या गाडीवर 'पऱ्हाटीच्या फुला' लागलं होतं. वेग इतका वाढवलेला, की खारीने गायल्यासारखं वाटावं. बाई मशीन सोडून उठल्या आणि थेट गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. नवरदेव घोड्यावर खोळंबला.

"कोनाचं गानं हाये हे?"

"जुनं हाये, काकू. कोनी रंजना म्हनून होती. मेली म्हनते ते."

"काहून मेली?"

"मले काय माहीत? म्हातारी झाली असन."

"मेली नाही," बाई म्हणाल्या. "तिले पानी पाज. ऊन लय हाये."

पाण्याचा ग्लास येईपर्यंत प्रमोदच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने बाईंचे पाय धरले.

त्याच संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या. "सर, मी अल्बम काढून राह्यली. साराच नाचाचा."

"या वयात भजनाचा काढावा," मी सुचवलं.

"भजन म्हातारपनी गाईन," बाई म्हणाल्या. त्यांना सहासष्टावं चालू होतं.

हा संवाद मी आठवडाभर पानठेल्यावर साभिनय करून दाखवला. अल्बमला 'गुडघेदुखी रिमिक्स' हे नावही मीच दिलं. ते अल्बमच्या आधी गाजलं. आपल्या अंगी विनोदबुद्धी फार, असा माझा समज होता. माझी बायको सुमन तेवढी हसली नाही. तिच्या अंगी ती नाही, असाही माझा समज होता.

रेकॉर्डिंग प्रमोदच्या मंडपाच्या गोदामावरच्या खोलीत झालं. भिंतींना लग्नातल्या गाद्या ठोकल्या होत्या. वरची ओळ आली की बाईंचा आवाज फाटायचा. तीन दिवस फाटला. चौथ्या दिवशी प्रमोदने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि गाणं लावलं. वीस वर्षांच्या पोरीचा लखलखीत आवाज. मी टाळ्या वाजवल्या.

"हे कोन हाये?" बाईंनी विचारलं.

"तुमीच, काकू. थोडं साफ केलं."

"साफ केलं का पुसून टाकलं?"

प्रमोदने गाणं थांबवलं.

"सतरा वर्सं मी तोंड दाबून बसली. ते कुठं हाये ह्याच्यात? काढ हे पोरगी."

मग त्या माइकपाशी गेल्या, पण गायला सुरुवात करेनात. बाईंना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खाली घ्या. जेवढं खाली लागते तेवढं."

मी चार स्वर खाली आलो. तिथे आवाज सापडला. खरखरीत, जड, पण एकदा सुरू झाला की कुठेही न अडखळणारा. प्रमोदने त्याखाली ठेका सोडला. माझा पाय आपोआप हलू लागला. मी तो स्टुलाखाली लपवला.

प्रकाशनासाठी बाईंनी हायवेवरचा ढाबा निवडला. मालकाने मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंगीत दिवे लावून 'डान्स क्लब' अशी पाटी ठोकली होती. वेळ मात्र दुपारी तीनची. "बायाइले सांजच्याले कोन सोडते?" बाई म्हणाल्या.

आल्या त्या सगळ्या ब्लाउजच्या गिऱ्हाईक. हाताची घडी घालून बसल्या. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, कोणी उठेना. बाई काळा गॉगल लावून एकट्याच गात होत्या, आणि गॉगलखालून घाम वाहत होता. उद्या पानठेल्यावर काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. ती सुमन होती.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पोराच्या वरातीतही ती नाचली नव्हती. मी तिला कधी चल म्हटलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. पदर कमरेला खोचून ती नाचली. वाईट नाचली, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मग बाकीच्या उठल्या. ट्रक ड्रायव्हर हातातली रोटी घेऊन दारात गोळा झाले. मी जोरात कीबोर्ड वाजवत होतो. त्याची वायर जोडलेलीच नव्हती, सगळं संगीत प्रमोदच्या लॅपटॉपमधून येत होतं. पण कुठेतरी बघायला हवं होतं, म्हणून मी शेवटपर्यंत बोटांकडे बघत राहिलो.

अल्बम मोबाइलवर फिरला, वरातींत वाजला. दिवाळीनंतर नव्या गाण्यांची तालीम असेल म्हणून मी गेलो, तर बाईंनी आधी चहा दिला.

"सर, आता तुमी राहू द्या."

"काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुमी वाजवता चांगलं. पन तुमी आंधी हासता अन् मंग ऐकता." आवाजात राग नव्हता. ब्लाउजचं माप सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

मी घरी आलो तर सुमन चपला घालत होती. बाईंनी तिला कोरसमध्ये घेतलं होतं. "कुकर लावला हाये," ती म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करजा."

थोड्या वेळाने आळीच्या टोकाकडून बायकांचा आवाज येऊ लागला. सात-आठ जणी असाव्यात. त्यातला सुमनचा कोणता, ते मला ओळखता येईना. मी दारात जाऊन कान देऊन उभा राहिलो. वरण करपलं.