फ्रिजवरचे देव

माझ्या सासूबाई आमच्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला पहिल्यांदा आल्या ते त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी साल असेल. येताना देव घेऊन आल्या आणि देवांबरोबर त्यांचे सगळे नियमही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला स्वच्छ सांगितलं, "ज्या मजल्यावर कोंबडी शिजते तिथे माझे देव राहणार नाहीत." कोंबडी मी शिजवायची, त्यांचा मुलगा मिटक्या मारत खायचा, बोलणी मात्र माझ्या वाट्याला. घर चिमुकलं. वर दोनच खोल्या, एक आमची, दुसरी लेकीची आणि आता तिच्या आजीची. तेव्हा देव बेसमेंटमध्ये गेले. तिथे ऊब असायची, पाहुण्यांसाठी एक सोफाबेड होता, आणि मुख्य म्हणजे माझ्या फोडणीचा वास तिथवर पोचत नव्हता.

पण बेसमेंटच्या जमिनीत सांडपाण्याची जाळी होती. तिकडे सगळ्याच बेसमेंटमध्ये असते, सांडलेलं पाणी वाहून जावं म्हणून. सासूबाईंनी ती पाहिली आणि कपाळाला हात लावला. "देवाच्या पुढ्यात मोरी? शोभतं का हे?" नवरा इंजिनिअर. त्यानं उतार, निचरा, नळ्या असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं तुझं? आता ती बंद कर." शेवटी त्यानं हात टेकले. दुकानातून जाड रबरी बूच आणलं, नळीच्या तोंडात पान्यानं आवळून घट्ट बसवलं, वर फळी टाकली आणि फळीवर आईचा पूजेचा पाट. आमच्या मराठी मंडळींना हा विषय पुढे बरेच दिवस पुरला. फोनवरसुद्धा लोक विचारायचे, "वहिनी, मोरी उघडली का?" मीही त्यांच्याबरोबर हसून घ्यायचे.

मग तो पाऊस आला. सकाळपासून जो कोसळायला लागला तो थांबेचना. दुपारपर्यंत रस्त्याकडेची गटारं तुंबली आणि जमिनीखालच्या नळ्यांतून पाणी उलटं घराघरांत शिरलं. गल्लीतल्या एकेका बेसमेंटमध्ये त्या जाळीतूनच काळं, घाण पाणी उसळत होतं. लोक भर पावसात कार्पेट, खोकी, गाद्या बाहेर ओढत होते. आम्ही धावत खाली गेलो. भिंतीला जरा ओल धरली होती, बस्. जमीन ठणठणीत कोरडी. नवरा फळी उचलून नुसता बुचाकडे बघत उभा राहिला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सासूबाईंना मात्र कसलंच नवल वाटलं नाही. "देवाच्या खोलीत घाण पाणी येईलच कसं?" असं म्हणून त्या वाती वळायला बसल्या.

शेजाऱ्यांना मदत करतो म्हणून नवरा बाहेर पडला, तो थोड्याच वेळात तिघांना घेऊन परत आला. शेजारच्या घराचं बेसमेंट एका विद्यार्थी जोडप्यानं भाड्यानं घेतलं होतं. कुंपणावरून हात हलवायचा, इतकीच आमची ओळख. तो मुलगा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, ती मुलगी पांढरीफटक पडलेली, आणि कपड्यांच्या प्लास्टिकच्या बास्केटमध्ये टॉवेलात गुंडाळलेलं आठवड्याचं बाळ. त्यांचा सगळा संसार त्या बेसमेंटमध्ये होता आणि तो पाण्यात गेला होता. घरमालक परगावी, आईवडील तिकडे लांब टेक्ससला. "वी जस्ट नीड अ ड्राय कॉर्नर," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

आमच्या घरात मोकळा कोरडा कोपरा एकच होता, आणि तिथे देव बसले होते.

"आईला तुम्ही सांगा," मी कुजबुजले.

"तूच सांग ना."

"आई कुणाची?"

ओली बाळंतीण, अजून दहा दिवसही झालेले नाहीत. सासूबाईंच्या हिशेबी तिनं देवांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. माझा स्वभाव मुळात तापट. त्या नाही म्हणाल्या तर आज भांडायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. या पोरीला मी पावसात परत पाठवणार नव्हते म्हणजे नव्हते.

आवाज ऐकून सासूबाई जिना चढून वर आल्या. बास्केटवर वाकल्या. "केवढं गं हे? किती दिवसांचं?"

"आठवडा झालाय, आई."

त्या तडक वळल्या आणि खाली गेल्या. खालून ओढाओढीचा आवाज यायला लागला. मला वाटलं, दाराला काहीतरी लावतायत. मी भांडणाचं पहिलं वाक्य तोंडात धरून उभी. तेवढ्यात सासूबाई देव्हारा छातीशी कवटाळून, धापा टाकत वर आल्या. स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "फ्रिजवर ठेव रे."

"आई, पण फ्रिजमध्ये काल रात्रीची..."

"आत काय आहे ते मला सांगू नकोस."

मग पदर खोचून कामालाच लागल्या. पाणी तापवलं, तेल कोमट केलं, बाळाला पायांवर घेतलं. त्या मुलीला तूप घातलेला गुरगुट्या भात भरवला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण बोलत दोघी होत्या. सासूबाईंचा मला एरवी राग यायचा, लपवून काय करायचं! त्या दिवशी मात्र अभिमानानं माझा ऊर भरून आला. बुचाचं श्रेय मी आजही योगायोगाला देते. पण तो देव्हारा त्यांनी आपल्या हातांनी उचलला, कुणीही न सांगता.

पाणी ओसरल्यावर अख्खी गल्ली आमचं बूच बघायला येऊन गेली. नवरा छाती काढून सांगायचा, "माय मदर्स आयडिया." आपले इंजिनिअर मित्रही आले आणि मुकाट्यानं घरी जाऊन त्यांनी आपापल्या नळ्यांची मापं घेतली. फोनवर मोरीची चौकशी मग कुणी केली नाही.

शेजारचं बेसमेंट धुऊन, वाळून राहण्याजोगं होईपर्यंत ते तिघं आमच्याकडेच राहिले. ते गेले त्या दुपारी सासूबाईंनी खालची जमीन स्वतः पुसून काढली. आता देव परत खाली न्यायचे म्हणून नवरा फ्रिजपाशी गेला.

"थांब," त्या म्हणाल्या. "त्यांना राहू दे इथेच. पाऊस काय सांगून येतो? खालची जागा मोकळी असू दे. पुन्हा कुणावर वेळ आली तर माणसं जातील कुठे?"