कांद्याचे तीन भाव आणि आजोबांची गाडी

मस्कतमध्ये कांदा कुठे स्वस्त मिळतो असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारते, कुठला कांदा? भारतातला, पाकिस्तानातला, येमेनचा की तुर्कस्तानचा? चौघांच्या पाट्या वेगळ्या, भाव वेगळे आणि चिरताना डोळ्यांना येणारं पाणीही कमीजास्त. नातवंडांनो, तुमच्याकडे कांदे जाळीच्या पिशवीत बंद करून ठेवलेले असतात आणि तुमची आई भाव न बघता ती पिशवी ट्रॉलीत टाकते, हे मी स्वतः पाहिलं आहे. तेव्हा मी काही बोलले नाही. पाहुणी होते.

इथे एका रियालचे हजार बैसा होतात. किलोमागे पन्नास बैसाचा फरक म्हणजे दहा-अकरा रुपये. इतकी वर्षं या देशात राहूनही आम्ही मनातल्या मनात रुपये करतो. रुपये केले की काहीच घ्यावंसं वाटत नाही, म्हणून ते करायचे नसतात. पण होतात.

आमच्या अल् घुब्राच्या घरापासून जाण्यासारखी तीन मोठी सुपरमार्केटं आहेत. एक जवळ, एक दोन राउंडअबाउट ओलांडून आणि एक कुरुमला. त्यांची नावं मी लिहीत नाही, आणि आमच्या घरीही ती नावाने ओळखली जात नाहीत. जवळचं ते ‘पहिलं’, मधलं ते ‘दुसरं’ आणि कुरुमचं ते ‘तिसरं’. पहिल्याकडे डाळी आणि पोहे चांगले. दुसऱ्याकडे भाजी. तिसऱ्याकडे तेल, अंडी आणि साबण यांवर नेहमी काही ना काही ऑफर असते. दर गुरुवारी चारनंतर आम्ही तिन्हीकडे जातो. एकाच ठिकाणी सगळं का घेत नाही, हा प्रश्न लोकांना पडतो. त्याचं उत्तर तुमचे आजोबा आहेत.

आजोबा निवृत्त होईपर्यंत एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात होते. तिथला नियम असा, की तीन ठिकाणचे भाव हातात आल्याशिवाय साधा खिळाही विकत घ्यायचा नाही. निवृत्त होताना कंपनीने त्यांना घड्याळ दिलं. नियम ते स्वतःहून बरोबर घेऊन आले. पहिल्या दुकानात तूरडाळ कितीला आहे हे ते पाहतात, पण घेत नाहीत. दुसऱ्यात पाहतात, घेत नाहीत. तिसऱ्यात पाहतात आणि बहुतेक वेळा परत पहिल्याकडे यावं लागतं. म्हणून येतानाचा रस्ता आम्ही पहिल्याच्याच दारावरून ठेवला आहे.

आमच्याबरोबर खालच्या मजल्यावरच्या भाभी असतात. त्या मूळच्या रत्नागिरीच्या बाजूच्या. त्यांचे यजमान दिवसभर रुवीला दुकानात असतात आणि भाभींना गाडी येत नाही. चार वाजायला पाच मिनिटं असताना त्या पिशव्या आणि बर्फाचा डबा घेऊन जिन्यापाशी उभ्या राहतात. डबा मच्छीसाठी. मला ताई म्हणतात, आजोबांना भाऊ. मलाही त्या भाभीच वाटतात, जरी माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत.

आता गाडीबद्दल. पांढरी आहे, सतरा वर्षांची आहे आणि तिचा एसी फक्त डाव्या बाजूला गार हवा देतो. इथे चालक डावीकडे बसतो, तेव्हा गार वारा आजोबांना. मी उजवीकडे बसते. दोन महिन्यांपूर्वी आजोबांनी इमारतीच्या पार्किंगमधल्या खांबाला ती घासली. खांबाला काही झालं नाही. गाडीच्या दारावर हातभर ओरखडा आला. काका, म्हणजे तुमच्या बाबांचा धाकटा भाऊ, खाली जाऊन तो बघून आला. त्या आठवड्यापासून तो खर्चाबद्दल बोलायला लागला.

एकदा जेवताना तो म्हणाला, “बाबा, पुढच्या महिन्यात गाडीची मुल्किया संपतेय.”

मुल्किया म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड. ते दर वर्षी नवं करावं लागतं, आणि गाडी जुनी असली की त्याआधी तपासणी.

“माहितेय,” आजोबा म्हणाले.

“मी म्हणतो, काढून टाकू या. विमा, तपासणी, पेट्रोल. आणि कशासाठी, तर कांद्यावर पन्नास बैसा वाचवायला. हिच्या ॲपवर सगळं घरपोच येतं.”

“अंडीसुद्धा येतात, आणि एकही फुटत नाही,” काकू म्हणाली. ती खरंच तेवढंच सांगत होती.

आजोबा “बघ बाबा, तू म्हणशील तसं,” म्हणाले आणि ताकाचा पेला उचलला. तुमच्या आजोबांनी उभ्या आयुष्यात ‘तू म्हणशील तसं’ मला कधी म्हटलेलं नाही. आम्ही दोघं आता काकाच्या व्हिसावर इथे राहतो, त्याच्या घरात. ते त्याला नकार देऊ शकले असते, पण द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. गाडी गेली असती, तर पुढच्या गुरुवारी चार वाजता ते दिवाणखान्यात बसले असते. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

मी म्हटलं, “आधी हिशेब तर करू. खरंच नुकसान असेल तर विका.”

“करा,” काका म्हणाला. “आकडे दाखवा.”

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि इथल्या एका भारतीय शाळेच्या लायब्ररीत बरीच वर्षं पुस्तकांना नंबर दिले. आकडे मागितले की मला बरं वाटतं. आम्ही दर महिन्याला घेतो त्याच वीस वस्तू मी निवडल्या आणि चार गुरुवार तिन्ही दुकानांतले भाव लिहून घेतले. हे वाटतं तितकं सोपं नाही. एकाकडे साबुदाणा किलोचा, दुसऱ्याकडे नऊशे ग्रॅमचा, आणि पिशवी मात्र तेवढीच दिसेल अशी शिवलेली. एकाने दोन बाटल्या टेपने बांधून तिसरी फुकट दिलेली, पण आम्हाला तीन बाटल्या व्हिनेगर नको होतं. दुधाचा भाव तिन्हीकडे सारखा, त्यामुळे मी दूध काढून टाकलं. भाभी भाव वाचायला मदत करायच्या.

“ताई, ह्यांचा टोमॅटो कालच्यापेक्षा वाढला,” त्या सांगायच्या.

“काल तुम्ही आला होतात?”

“नाय वो, मोबाइलवर बघितला. गाडी ऱ्हावी म्हणून मी पण मेहनत करतंय ना.”

शेवटी आकडा आला. सगळं पहिल्याच दुकानातून घेण्याऐवजी तीन ठिकाणांहून घेतलं, तर एका गुरुवारी एक रियाल दीडशे बैसा वाचतात. त्यातून पेट्रोलचे चारशे ऐंशी वजा. राहिले सहाशे सत्तर. मी हिशेब दोनदा केला, मग तक्ता छापला आणि शुक्रवारी सकाळी पोह्यांच्या ताटलीबरोबर काकाच्या हातात दिला.

त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. “म्हणजे फायदा आहे.”

“सहाशे सत्तर बैसा. दर आठवड्याला.”

“ठीक आहे,” तो म्हणाला. नाखुशीने, पण म्हणाला. सगळं तिथेच मिटत होतं. तेवढ्यात आजोबांनी चष्मा लावून हात पुढे केला. “दाखव.”

त्यांनी तक्ता वाचला आणि म्हणाले, “यात कुरुमचा चहा धरलेला नाही.”

तिसऱ्या दुकानानंतर आम्ही शेजारच्या कॉफी शॉपसमोर गाडी उभी करतो. हॉर्न वाजवला की कडक चहा गाडीपाशी येतो. बरोबर एकेक सामोसा. तो मी धरला नव्हता हे खरं आहे. लपवला नव्हता, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. किराण्याच्या हिशेबात चहाची पावडर येते, साखर येते, दूध येतं. प्यालेला चहा कोण धरतं? आमच्या आईच्या घरी, सासरी, लायब्ररीत, कुठेही मी प्यालेला चहा कुणी खर्चात लिहिलेला पाहिला नाही.

“तीन चहा साडेचारशे,” आजोबा म्हणाले. “तीन सामोसे तीनशे. साडेसातशे. म्हणजे ऐंशी बैसा तोटा.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेन शोधत होते.

“चहा किराण्यात येत नाही, बाबा,” काका म्हणाला.

“गाडी काढली नाही तर चहा होत नाही. मग तो गाडीचाच खर्च.”

“आणि भाभींचा चहा आपण का धरायचा?”

“आपण देतो म्हणून.”

“मग त्यांची टॅक्सी वजा करा ना! त्या एकट्या गेल्या असत्या तर तीन रियाल गेले असते.”

“ते त्यांचे वाचले. आपल्या खात्यात ते येत नाहीत.”

“त्या सुकट देतात आपल्याला. जवळा देतात. त्याचे पैसे धरा.”

“सुकट काय दर आठवड्याला देत नाहीत. आणि विमा राहिलाच की. वर्षाच्या विम्याला बावन्नने भागलं, तर…”

“विमा कशाला मध्ये आणता?” काकाचा आवाज चढला. “विमा गाडी उभी राहिली तरी भरावा लागतो.”

“विकली तर भरावा लागत नाही.”

“बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने बोलताय?”

“आकड्यांच्या.”

“पोहे गार झाले,” काकू म्हणाली.

तुम्हाला हे माहीत नसेल, कारण तुम्ही सुट्टीत येता तेव्हा सगळे नीट वागतात. हे दोघं बापलेक कधीही एका बाजूला उभे राहिलेले नाहीत. काकाने विज्ञान घ्यावं असं आजोबांना वाटलं, त्याने कॉमर्स घेतलं. त्याने पंखा बंद केला की आजोबा लावतात. आता आजोबा गाडी विकण्याच्या बाजूला जाऊन बसल्यावर काकाला उभं राहायला एकच बाजू शिल्लक होती. आजोबांनी हे मुद्दाम केलं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही. ते म्हणाले असते, चहा प्यालो तर धरायला नको?

काकाने तक्ता घडी करून खिशात ठेवला. “हे आकडे मला पटत नाहीत. येत्या गुरुवारी मी स्वतः येतो.”

गुरुवारी तो ऑफिसातून लवकर निघून आला. मागच्या सीटवर भाभींच्या शेजारी बसला, मध्ये बर्फाचा डबा.

“काय रे बाबू,” भाभी म्हणाल्या, “आज इन्स्पेक्शन काय?”

“तसंच समजा, भाभी.”

“मग आधी पट्टा लाव. तुझे बाबा पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवत नाय. माझा नवरा असता तर एव्हाना सीबला पोचला असता.”

पहिल्या दुकानात मी काकाला तूरडाळीचे भाव दाखवले. तो “हं” म्हणाला. मी मुगाचे दाखवले. पुन्हा “हं”. दुसऱ्या दुकानाकडे जाताना राउंडअबाउटवर आजोबा थांबले आणि थांबूनच राहिले. मागच्या व्हॅनवाल्याने हॉर्न दिला आणि खिडकीतून हात काढून “यल्ला, यल्ला!” ओरडला.

“तुला घाई तर वरून जा,” भाभींनी त्याला मराठीत सांगितलं. काच बंद होती.

दुसऱ्या दुकानाच्या आवारात आजोबा एकाएकी थांबले. काकाने पुढे वाकून विचारलं, “काय झालं?” काही झालं नव्हतं. पुढची मोठी जीप मागे येणार होती, आणि ती खरोखरच आली, बघता बघता आमच्या नाकासमोरून गेली.

“तिचे मागचे पांढरे दिवे लागले होते,” आजोबा म्हणाले.

काका मागे टेकून बसला. त्याने ते दिवे पाहिले नव्हते. मग आजोबांनी गाडी पार दूर, उन्हात, जिथे दोन्ही बाजूंना कुणी नव्हतं तिथे उभी केली.

“एवढ्या लांब?” काका म्हणाला. “दाराजवळ जागा होती की.”

“तिथे खांब आहेत.”

काकाने पिशव्या घेतल्या. आत त्याने एकाही वस्तूचा भाव पाहिला नाही. भोपळा मी एकटीनेच निवडला.

कुरुमला चार चहा आले, चार सामोसे आले. पैसे काकाने दिले.

“आजचा तोटा वाढला,” आजोबा म्हणाले.

“हे मी दिलेत. तुमच्या हिशेबात धरू नका.”

“किराणाही तुझ्याच पगारातून येतो. मग तोही धरायचा नाही का?”

भाभी इतक्या हसल्या की त्यांचा चहा डब्याच्या झाकणावर सांडला. काकालाही हसू आलं, पण त्याने ते कपात घालवलं. मग त्याने समोर बघत विचारलं, “मुल्किया किती तारखेला संपतेय?”

“अठ्ठावीस.”

“तपासणीला मी येतो बरोबर. तुम्हीच चालवा. मी नुसता बसेन. पण बाबा, अंधारात गाडी काढायची नाही. सहाच्या आत घरी.”

“साडेसहा,” आजोबा म्हणाले.

“सहा.”

“सहाला तिसऱ्या दुकानाचा हिशेबसुद्धा होत नाही. साडेसहा.”

“सवासहा करा रे बाबांनो,” भाभी म्हणाल्या, “नि मला घरी सोडा. माझे पापलेट वितळाया लागले.”

सवासहा ठरलं. आजोबांनी चारही कप गोळा करून परत दिले, आरशात पाहिलं, मान वळवून मागेही पाहिलं आणि गाडी काढली.