कुजबुजेची साक्ष

आमच्या नाटक कंपनीत एक माणूस असा होता, की त्याच्यावाचून प्रयोग उभा राहत नसे आणि एकाही प्रेक्षकाने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो आमचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टूल, मांडीवर संहिता, हातात लाल पेन्सिल. आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं कुजबुजे. मी राजांच्या भूमिका करायचो, म्हणून तो मला महाराज म्हणायचा. पण मुकुटाखालचं डोकं रिकामं झालं की राज्य त्याचंच!

त्याचा नेम एकच. कागदावर आहे तेच द्यायचं. एकदा भर प्रयोगात दिवा पडला आणि मागचा पडदा धुमसू लागला. धूर सगळ्यांत आधी कुजबुजेने पाहिला. आणि मला वाक्य काय दिलं? “किती शांत आहे ही संध्याकाळ!” मी ते म्हटलंही. नंतर जाब विचारला, तर म्हणतो कसा, “आग संहितेत नव्हती, महाराज.” आम्ही वर्षानुवर्षं हा किस्सा सांगून पोट धरून हसलो.

कंपनी बंद पडली. कुजबुजेला एका वृत्तवाहिनीत नोकरी लागली. बातम्या सांगणाऱ्यासमोरच्या काचेवर अक्षरं सरकवायची. “काम तेच,” तो म्हणायचा, “फक्त इथले नट चहा विचारत नाहीत.”

मग ती सकाळ आली. बेटाकडे जाणारी फेरीबोट भर पाण्यात उलटली. कुजबुजेची भाची, त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी, परीक्षेला त्याच बोटीने निघाली होती. तासाभरात सरकारी पत्रक आलं: सर्व प्रवासी सुखरूप. कुजबुजेने ते काचेवर सरकवलं. पाच मिनिटांत धक्क्यावरून वाहिनीच्याच बातमीदाराचा फोन आला. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा तो ओरडत होता, “कोण सुखरूप? इथून मदतीला अजून एकही बोट सुटलेली नाही!” संपादक म्हणाले, “पत्रक आहे ना हातात? चालू दे.”

तेवढ्यात कुजबुजेचा मोबाइल वाजला. ताई होती.

“काय रे, टीव्हीवर सांगतायत ते खरं ना? तू आतलाच माणूस.”

कुजबुजे म्हणाला, “ताई, सगळे सुखरूप आहेत. तसं लिहून आलंय.”

ताई राहायची मच्छीमारांच्या वस्तीत. तिच्या हाकेवरून बारा होड्या निघायच्या बेतात होत्या. तिनेच किनाऱ्यावर जाऊन सांगितलं, “राहू द्या. माझा भाऊच आहे तिथे, त्याने सांगितलंय.” होड्या थांबल्या. सरकारी बोटी दुपारी पोचल्या. बोटीच्या पालथ्या तळावर तोवर माणसं हात हलवत होती म्हणे. सगळी नाही, पण होती. भाची तिसऱ्या दिवशी सापडली.

दोन वर्षं चौकशी चालली, म्हणजे चौकशीची मुदत वाढत राहिली. मग एक पोरगी माहितीपट करायला निघाली. कागद, वेळा, फोनच्या नोंदी, सगळं तिने जमवलं होतं. नव्हता तो फक्त आतला माणूस, जो म्हणेल की खोटं आहे हे कळूनही आम्ही दाखवत राहिलो. ती कुजबुजेकडे आली आणि कुजबुजे माझ्याकडे.

“महाराज, बोलू का?”

“बोल. पण आधी ताईला सांग.”

“तिला वाटतं, मलाही फसवलं. तेवढाच आधार आहे तिला.”

“म्हणून तिने खरं काय ते परक्या लोकांत बसून ऐकायचं?”

“सांगतो,” म्हणाला. नाही सांगितलं. कॅमेऱ्यासमोर मात्र बोलला. पोरगी सारखी “काका, जरा मोठ्याने” म्हणत होती. शेवटी तिने त्याच्या शब्दांची अक्षरं पडद्यावर खाली दिली.

नाट्यगृह मिळालं नाही. ऐनवेळी सगळीकडे दुरुस्ती निघाली. एका शाळेच्या सभागृहात प्रकाशझोत एका चादरीवर पडला. पुढच्या रांगेत ताई होती. चादरीवरचा कुजबुजे म्हणाला, “बहिणीचा फोन आला तेव्हा मला माहीत होतं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय ते धैर्य! मी जन्मभर टाळ्यांवर जगलो, पण त्या टाळ्या ऐकवेनात.

सरकारने माहितीपट एकतर्फी ठरवला. वाहिनीने खुलासा केला की चूक एका माजी कंत्राटी कर्मचाऱ्याची होती. तो खुलासाही काचेवर कोणीतरी सरकवलाच असेल. मंत्री जागेवर, संपादक बढतीवर, आणि गुन्हेगार कोण, तर आमचा कुजबुजे.

ताईने त्या दिवशी, माहितीपट संपल्यावर, सभागृहाच्या पायरीवर एवढंच विचारलं, “होड्या मी थांबवल्या. दोन वर्षं मी वस्तीतल्या बायकांच्या नजरेला नजर देत नाही. हे तू बघत होतास ना?”

“ताई...”

“मला नको सांगूस. त्यांना सांग. घरोघर.”

दुसऱ्या सकाळी आम्ही गेलो. ताई पुढे, मागे कुजबुजे, त्याच्या मागे मी. प्रत्येक दाराशी ती पाठ करून उभी राहायची आणि कुजबुजे सांगायचा: मला माहीत होतं. ताईला माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “डिझेल भरलेलं होतं. दोर सोडला होता.” “आत या, बसा” काही म्हणाला नाही. एक बाई मात्र बाहेर आली, कुजबुजेला ओलांडून गेली आणि ताईचा हात धरून तिला आत घेऊन गेली. आम्ही उन्हात थांबलो.

बाराव्या घरानंतर ताई आपल्या घरात शिरली आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

कुजबुजेने मला विचारलं, “आता, महाराज?”

मी इतकी पल्लेदार वाक्यं पाठ केलेला माणूस! मी नुसतं रस्त्याकडे बोट दाखवलं. आम्ही बस थांब्याकडे चालू लागलो.